बादलीवरची रेघ

आमचा भाचा अमेरिकेहून आला की आम्हांला फोटो बघण्याची शिक्षा होते. यंदा ॲरिझोनातला हॉर्सशू बेंड होता. नालेच्या आकाराचं कोलोरॅडो नदीचं वळण, वर मावळता सूर्य. फोटो उत्तम. पण हुबेहूब असाच फोटो कॅलेंडरवर पाहिलेला. इतक्या लांब जायची गरजच नव्हती! (हे बोललो नाही. त्याने बदाम आणले होते.)

म्हणून मी इलियट पोर्टरचं पुस्तक काढलं. ‘द प्लेस नो वन न्यू’, १९६३. या गृहस्थाला देखावा काढायचाच नाही. आकाशाला तर तो बहुधा चौकटीबाहेरच उभं करतो. कातळावरचे काळे ओघळ, ओली रेती, पाण्यात पडलेलं भिंतीचं तांबडं प्रतिबिंब, एवढ्यावर त्याचं भागतं. तक्रार एकच: सगळं इतकं देखणं, की या वाळवंटात माणसाला घाम फुटत असेल हे पटत नाही.

पुस्तक आलं त्याच वर्षी ग्लेन कॅन्यन धरणाचे दरवाजे बंद झाले. १९८० साली लेक पॉवेल काठोकाठ भरलं. फोटोतल्या कितीतरी भिंती पाण्याखाली गेल्या.

भाचा भराभर फोटो सरकवत होता. एक मी थांबवला.

“मामा, तो वाया गेलाय!”

तलावाचं पाणी खाली गेलेलं, कड्यावर क्षारांचा पांढरा पट्टा. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला धरतो ना, तस्साच. सूर्य नाही, नाल नाही. खाली नुसता चिखल.

“तेवढा मला पाठव,” म्हटलं.