दुहेरी ठशाचीं नाणीं व आमचे संग्राहक

आळेफाट्यावरून पश्चिमेस वळलें कीं जुन्नर लागतें. तेथील मानमोडीच्या लेण्यांत क्षहरात नहपानाचा अमात्य अयम याचा 46 व्या वर्षाचा दानलेख आहे. पुढें हा मुलुख गौतमीपुत्र सातकर्णीनें क्षहरातांच्या हातून सोडविला, व शत्रूच्याच चांदीच्या नाण्यांवर आपला ठसा मारून तीं चालविलीं. 1906 सालीं नाशिक जिल्ह्यांत जोगलटेंभीस सांपडलेल्या 13,000 हून अधिक नाण्यांपैकीं सुमारें दोन-तृतीयांश अशींच आहेत.

ज्यावर नहपानाचा चेहरा स्वच्छ उठला आहे तेंच नाणें उत्तम, दुहेरी ठशाचें तें बिघडलेलें, असें कित्येक संग्राहक मानतात. ही कसोटी आम्हांस मान्य नाहीं. खालीं नहपानाचा चेहरा व ग्रीक अक्षरें, वर तीन कमानींचा पर्वत व उज्जयिनी-चिन्ह. कोण आधीं व कोण मागाहून, याचा निर्णय हा क्रमच देतो. नाशिकच्या लेण्यांतील प्रशस्ति विजेत्याच्या मातेची आहे. या नाण्यांवर पराजिताचीही साक्ष उरली आहे.

यास्तव असें नाणें चिंचेनें घासूं नये, व तें कोणत्या निधींतील हें टिपल्यावांचून संग्रहीं ठेवूं नये. घासल्यानें चकाकी येईल. पुसलेला पुरावा परत येणार नाहीं.