रॉकची दुसरी तालीम

आपल्याकडच्या रॉक संगीताची आजची अवस्था थोडक्यात सांगायची तर अशी आहे : हात पूर्वीपेक्षा तयार, वाद्यं पूर्वीपेक्षा चांगली, ऐकायला सगळं जग मोबाइलवर, नवी गाणी मात्र बोटांवर मोजण्याइतकी. मुंबई-पुण्यात शनिवारी रात्री रॉक म्हणून जे वाजतं, त्यात पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, डीप पर्पल, ईगल्स यांची पन्नासेक वर्षांपूर्वीची गाणी हमखास असतात. वाजवणाऱ्यांत आणि ऐकणाऱ्यांत केस पिकलेली माणसंही बरीच दिसतात. तरुणपणी ऑर्केस्ट्रात, कॉलेजच्या बँडमध्ये किंवा गणपतीच्या बेंजो पार्टीत वाजवलेलं, मग नोकरी-शेती-संसारापायी वाद्य माळ्यावर गेलेलं, आणि मुलं मार्गी लागल्यावर ते खाली आलेलं. अशांची चेष्टा करणं सोपं आहे. मला मात्र वाटतं, अभिजात रॉक आपल्या मातीत रुजायचं असेल तर ते या परतून आलेल्या वादकांच्याच हातून रुजेल. अट एकच : हुबेहूब वाजवण्याचा नाद त्यांनी सोडायला हवा.

हे नेसरीत बसून लिहिलंय याचं कुणाला नवल वाटेल. गडहिंग्लज तालुक्यातलं हे गाव लोकांना ठाऊक आहे ते प्रतापराव गुजरांच्या १६७४ मधल्या बलिदानामुळे. इथं रॉकचा काय संबंध? पण संगीताच्या दृष्टीनं ही जागा मोक्याची आहे. उत्तरेला कोल्हापूर, म्हणजे अल्लादियाखाँसाहेबांचं आणि देवल क्लबचं गाव. त्यापलीकडे सतार-तंबोऱ्यांचं मिरज. इकडे हाकेच्या अंतरावर बेळगाव. आणि घाट उतरला की गोवा, जिथल्या नोटेशन वाचणाऱ्या वादकांवर हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद उभा राहिला. या टापूत वाढलेल्या वादकाच्या कानावर सगळंच थोडंथोडं पडलेलं असतं. रॉकही पडलेलं असतं, फक्त ते रॉक आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

उदाहरणार्थ बेंजो. आपला मिरवणुकीतला बेंजो हा अमेरिकन बँजो नव्हे. जपानमध्ये १९१२ साली निघालेल्या ताइशोगोतोच्या वंशातलं, तारांवर कळा दाबून वाजवायचं हे वाद्य. त्यालाच बुलबुलतरंग म्हणतात. त्याला पिकअप बसला, अँप्लिफायर जोडला, इको लावला आणि कर्ण्यातून आवाज फुटायला लागला की जे ऐकू येतं, त्याचा बाज इलेक्ट्रिक गिटारचाच असतो. फाटलेला आवाज, लांबवलेला सूर, गाण्याच्या चालीवर स्वार होऊन पुढं धावणारी एक लीड. गिटारच्या डिस्टॉर्शनला नाकं मुरडणाऱ्या गावांनी बेंजोचा तोच आवाज वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन नाचवला आहे.

दुसरी वाट सिनेमाची. ‘दम मारो दम’ची गिटार १९७१ ची आणि ‘चुरा लिया है’ची १९७३ ची, दोन्ही भूपिंदर सिंग यांच्या बोटांतून आलेल्या. ऑर्केस्ट्रात गिटार धरलेल्या आमच्या पिढीनं त्या घोटल्या. राहुलदेव बर्मन कुठल्या आवाजांवर पोसले गेले, हे विचारायची गरज तेव्हा वाटली नाही. प्रौढपणी रॉक ऐकताना मजा येते ती इथं. परका म्हणून ऐकायला बसावं, तर निम्मं सामान ओळखीचं निघतं.

मग तरुणपणी ऐकलेलं आणि आत्ता ऐकलेलं यात फरक कसला? तेव्हा कानात शिरायचा तो आवाज आणि वेग. आता ऐकू येतात ते सूर आणि लय. लीड गिटार शिकणाऱ्याला पहिल्या आठवड्यात जी पाच सुरांची चौकट हातात देतात, ती सा, कोमल गंधार, मध्यम, पंचम आणि कोमल निषाद अशी आहे. सरळ धानीचे सूर. ब्लूजपासून हेवी मेटलपर्यंत अर्धंअधिक रॉक या चौकटीत उभं आहे. पण खरी गंमत गंधाराची. ब्लूजमधला तो सूर कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठंतरी असतो, पेटीच्या पट्टीत तो नाहीच. गिटारवादक कोमल गंधारावर बोट ठेवून तार किंचित खेचतो आणि तो सूर कानानं शोधतो. सतारीवर मींड काढतानाही तार पडद्यावर आडवीच खेचावी लागते. सतारीची मींड एका पडद्यावर चार-पाच सुरांचा पल्ला गाठते, गिटारची तार बहुधा एक-दोन सुरांत थकते. पण पोचायच्या सुराचा नेमका अंदाज दोन्हीकडे कानालाच घ्यावा लागतो. पिंक फ्लॉइडच्या ‘अनदर ब्रिक इन द वॉल’च्या दुसऱ्या भागात डेव्हिड गिल्मर एकदा तार खेचून सूर गाठतो, आणि ती न सोडता आणखी वर नेतो. विशीत ती जागा बोटांनी शिकता येते. ती गळ्यातून यावी लागते, हे कळायला आधी पाचपन्नास मैफली ऐकलेल्या असाव्या लागतात.

लयीचंही तसंच. पिंक फ्लॉइडचं १९७३ चं ‘मनी’ सात मात्रांत चालतं. तबलजी लगेच रूपक म्हणेल, आणि पुढच्याच क्षणी त्याला अडखळायला होईल. कारण रूपकाची सम ‘खाली’वर येते आणि ‘मनी’ची पहिली मात्रा खणखणीत भरीव आहे. शिवाय गिटारचा सोलो सुरू झाला की गाणं सातावरून चारावर उतरतं. लेड झेपलिनच्या १९७५ च्या ‘कश्मीर’मध्ये गिटारची चाल तिनाची आणि ड्रम्स चाराचे, बारा मात्रांनी दोघांची गाठ पडते, आणि ऐकणाऱ्याला समेवर आल्याचं समाधान मिळतं. बीटल्समधल्या जॉर्ज हॅरिसनच्या ‘हिअर कम्स द सन’मधली मधली जागा तर तिहाईच्या कुळातली आहे. ही गाणी आम्ही चारचौघांत ओरडून गायली होती. मात्रा मोजायचं डोकं मात्र नंतर आलं.

ही देवाणघेवाण मुळात दोन्ही बाजूंनी होती. हॅरिसननं जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत भारतीय वादकांना घेऊन ‘वंडरवॉल म्युझिक’चा बराच भाग ध्वनिमुद्रित केला. १९७२ मध्ये लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लांट मुंबईत आले आणि इथल्या वादकांसोबत ‘फ्रेंड्स’ आणि ‘फोर स्टिक्स’ या आपल्याच गाण्यांची वेगळी रूपं करून पाहिली. ती ध्वनिमुद्रणं अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. त्यांतलं ‘फोर स्टिक्स’ पाच आणि सहा मात्रांच्या उड्यांवर रचलेलं आहे. म्हणजे आपलं गाणं दुसऱ्या वाद्यांवर, दुसऱ्या अंगानं कसं उमलेल याची उत्सुकता खुद्द झेपलिनला होती. आम्ही मात्र त्यांच्या रेकॉर्डची कॉपी करण्यात धन्यता मानली.

कॉपी की स्वतःची रचना, या प्रश्नाला महाराष्ट्रात भिडलेलं एक नाव म्हणजे मुंबईचं रॉक मशीन. १९८४ मध्ये उभा राहिलेला हा बँड सुरुवातीला इतरांची गाणी वाजवायचा. १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ या अल्बमनं तो स्वतःच्या रचनांकडे वळला. पुढं तो इंडस क्रीड झाला, नव्वदीच्या उत्तरार्धात फुटला आणि २०१० मध्ये पुन्हा उभा राहिला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक महेश तिनईकर तोवर प्रौढ झाले होते. जुनी गाणी वाजवून आठवणींवर पोट भरणं त्यांना सहज जमलं असतं. पण २०१२ चा ‘इव्हॉल्व्ह’ ऐका : लांब, गुंतागुंतीच्या रचना, तरुणपणच्या टाळ्या-शिट्ट्यांपेक्षा घडणीवर भर. सगळीच गाणी सारखी उंची गाठत नाहीत, काही ठिकाणी कारागिरीचं ओझंही होतं. पण परत येणं म्हणजे मागं जाणं नव्हे, हे त्या अल्बमनं दाखवलं.

गोव्यात रेमो फर्नांडिसनं १९८४ मध्ये ‘गोअन क्रेझी’ घरच्या घरी चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला, तोही गोव्याच्या माणसांविषयी आणि त्यांच्याच ठसक्यात. वॉरन मेंडोन्साच्या ब्लॅकस्ट्रॅटब्लूजनं २०१७ च्या ‘द लास्ट ॲनालॉग जनरेशन’मध्ये गिल्मरच्या वाटेनं जाऊन स्वतःचा आवाज राखला. गिटार इथं गाते, कसरत करत नाही. अभंग रिपोस्ट या बँडनं तुकोबा-नामदेवांचे अभंग बास, ड्रम्स, गिटारवर आणले. त्यांचं बलस्थान शब्दांची लय आहे. अभंगाचा मूळ ठेका ड्रमच्या ठोक्यात विरघळतो तिथं गाणं उठतं, नुसत्या मोठ्या आवाजावर विसंबतं तिथं ते पडतं. चित्रपटांत मात्र रॉक अजून बहुधा मसाल्यासारखंच वापरलं जातं. नायक चिडला की डिस्टॉर्शन, चिडणं संपलं की बासरी.

ही उदाहरणं नावं घेण्याजोगी आहेत कारण ती थोडी आहेत. बाकीचा मोठा प्रवाह हुबेहूबचा, आणि त्याची कारणं ऑर्केस्ट्रात आहेत. तिकीट काढून आलेल्या माणसाला रेकॉर्डवर ऐकलेलंच गाणं हवं असायचं. ‘सेम टू सेम वाजवलंस’ ही वादकाला मिळणारी सर्वांत मोठी शाबासकी होती. या शिस्तीनं हात घडवले, हे नाकारता येणार नाही. कागदावर एक स्वर नसताना पंचवीस वाद्यांचं इंटरल्यूड कानानं उतरवणारी माणसं मी याच भागात पाहिली आहेत. पण तीच सवय रॉकला लावली, आणि ‘हॉटेल कॅलिफोर्निया’च्या शेवटचा दोन गिटारींचा सोलो पाठांतराचा पेपर होऊन बसला. एक टीप चुकली की मार्क कापले.

मूळ मंडळी असं वागत होती का? डीप पर्पलचं ‘स्पेस ट्रकिन’ स्टुडिओत साडेचार मिनिटांचं आहे. १९७२ च्या ‘मेड इन जपान’मध्ये तेच वीस मिनिटांच्या घरात जातं. झेपलिनचं ‘डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड’ रेकॉर्डवर साडेसहा मिनिटांचं, मंचावर कधी कधी अर्ध्या तासाचं. सगळेच असे नव्हते. पिंक फ्लॉइडचे मोठे कार्यक्रम आखीवरेखीव असत. पण या परंपरेचा मोठा भाग बढतीचा आहे. बंदिश एक आणि मांडणी रोजची वेगळी, हे आपल्याला कुणी शिकवायला नको होतं.

आणि याचा वस्तुपाठ नेसरीहून फार लांब नाही. बेळगावजवळच्या सुळेभावीत १९२४ मध्ये जन्मलेले कुमार गंधर्व बालपणी गाजले ते उस्तादांच्या रेकॉर्डी हुबेहूब गाऊन. देवधर मास्तरांची तालीम, क्षयाचं आजारपण, देवासमधली ती न गाण्याची वर्षं, आणि त्यानंतर साठच्या दशकात त्यांनी कार्यक्रम केला ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांची नक्कल करणारे तेव्हा गावोगाव होते. कुमारांनी नक्कल टाळली, पदांचा मूळ डौल सांभाळला आणि आपल्याला त्यात काय दिसलं ते गाऊन दाखवलं. त्यावर वादही झाले. लाडक्या जुन्या संगीताकडे प्रौढपणी कसं परतावं, याचं एवढं स्वच्छ उत्तर रॉकच्या जगातही मला सापडलेलं नाही.

परतलेल्या वादकाकडे यासाठीचं भांडवल आहे. त्याला आता कुणावर छाप पाडायची नाही. बोटांचा वेग उतरलाय, त्यामुळे दोन सुरांमधली जागा आपोआप मोकळी सुटते. गाण्यातून गिटार, बास, आवाज वेगळे काढून देणारी सॉफ्टवेअर हाताशी आहेत. याच जातीच्या तंत्रानं जुन्या कॅसेटवरचा जॉन लेननचा आवाज सोडवून २०२३ मध्ये बीटल्सचं ‘नाऊ अँड देन’ पुरं झालं. या साधनांनी कॉपी आणखी बिनचूक करता येते, तसंच बासवादक मधे कुठं गप्प बसला हेही शिकता येतं. वापर कसा करायचा ते आपल्यावर आहे.

अडचणी आहेतच. मुंबईत १९८६ पासून इंडिपेंडन्स रॉक महोत्सव ज्या रंगभवनमुळे ओळखला गेला, ते शांतता क्षेत्रात गेल्यानं अशा मैफलींना मुकलं. आमच्याकडे मिरवणुका डॉल्बीनं गिळल्या आणि बेंजोवाल्याचं काम गेलं. मोठ्या आवाजाला विरोध झाला की त्याच्या तडाख्यात जिवंत वादकही सापडतो. हॉल असतो तिथं साउंड धड नसतो, साउंड असतो तिथं रॉक म्हटलं की संयोजकाच्या कपाळाला आठ्या.

तरी सुरुवात करायला फार काही लागत नाही. वीस गाण्यांची यादी बाजूला ठेवावी आणि एकच गाणं घ्यावं. ड्रमऐवजी हलगी किंवा तबला चालतो का पाहावं, गिटारची लीड बेंजोला देऊन पाहावी, ‘मनी’ची सात मात्रांची चाल ठेवून तिच्यावर मराठी शब्द बसवायला एखाद्या कवीला गाठावं. फसेल, पुन्हा बसवावं. देवल क्लबसारख्या संस्थांनी, गडहिंग्लज-बेळगावच्या महाविद्यालयांनी वर्षातून एक संध्याकाळ अशा प्रयोगांना द्यावी. आणि श्रोत्यांनी निदान त्या संध्याकाळी ‘सेम टू सेम’ ही दाद घरी ठेवून यावं. वादकानं गाण्यात काय पाहिलं, एवढंच त्याला विचारावं.