पत्ता आणि मालकी : पॉइंटरच्या आवेष्टनाचा चिकित्सक विचार

सी भाषेतील पॉइंटर ही संकल्पना शिकविताना ‘घराचा पत्ता’ हा दृष्टान्त वर्गात हमखास वापरला जातो. नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकाने भारतभरातील असंख्य पदवी विद्यार्थ्यांना पॉइंटरची ओळख करून दिली. चलाचे नाव, त्याची किंमत आणि त्याचा स्थानक्रमांक एका चौकोनाभोवती मांडून, तारकाचिन्हाचे वाचन ‘पत्त्यावरील किंमत’ असे करण्याची सवय या पुस्तकाने लावली. या मांडणीची सुबोधता वादातीत आहे. मात्र ती एका भाषेच्या कुंपणाआड पुरेशी ठरते. तोच पॉइंटर पायथन किंवा जावा यांसारख्या दुसऱ्या भाषेच्या स्वाधीन करण्याची वेळ येते, तेव्हा पत्त्याचा दृष्टान्त अपुरा पडतो आणि अध्यापनाने न विचारलेला एक प्रश्न समोर उभा राहतो : त्या पत्त्यावरील वस्तू कोणाची ?

दृष्टान्त घराचाच ठेवावयाचा, तर मुंबई उपनगरातील चारकोपचे उदाहरण बोलके आहे. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९८५ साली सुरू झालेल्या मुंबई नागरी विकास प्रकल्पात येथे ‘साइट्स अँड सर्व्हिसेस’ पद्धतीने छोटे भूखंड आखले गेले. रस्ते, पाणी, मलनिःसारण यांची सोय प्रकल्पाने केली आणि घरे रहिवाशांनी आपापल्या ऐपतीनुसार बांधली. सेक्टर, आरएससी क्रमांक आणि भूखंड क्रमांक एवढ्या तीन आकड्यांवर येथील घर बिनचूक सापडते. परंतु त्या आकड्यांवरून घरावर पुढे किती मजले चढले हे कळत नाही, भूखंडावर हक्क कोणाचा हे कळत नाही आणि घर पाडून नवे बांधण्याचा अधिकार कोणाला हेही कळत नाही. त्यासाठी कागदपत्रे पाहावी लागतात. पॉइंटरचे नेमके असेच आहे. त्यात स्थान आहे. विस्तार, आयुष्य आणि मालकी नाही.

सी भाषेत ही उणीव प्रोग्रॅमरच्या स्मरणशक्तीने भरून निघते. ज्याने मेमरी मागितली त्याने ती परत करावी, हा संकेत असतो. पायथन किंवा जावामध्ये हे काम भाषेची यंत्रणा स्वतः करते. जिच्याकडे कोणीही बोट दाखवीत नाही अशी वस्तू ती यथावकाश काढून टाकते. दोन्ही व्यवस्था आपापल्या जागी सुसंगत आहेत. अडचण सीमेवर होते, कारण तेथे एकीचा हिशेब दुसरीला दिसत नाही. पायथनच्या बाजूने वस्तू निरुपयोगी ठरली, पण सीच्या बाजूला तिचा पत्ता अजून वापरात आहे, असे होऊ शकते. उलटही होऊ शकते. रॅपरचे, म्हणजे आवेष्टनाचे, खरे काम या दोन हिशेबांचा मेळ घालणे हे होय. भाषांतर हा त्यातील सोपा भाग आहे.

२००६ मध्ये पायथनच्या २.५ या आवृत्तीत समाविष्ट झालेले ‘सीटाइप्स’ हे साधन या दृष्टीने तपासण्यासारखे आहे. त्याच्या साहाय्याने सीचे तयार ग्रंथालय दोन ओळींत उघडता येते, म्हणूनच प्रयोगशाळेत ते लोकप्रिय आहे. तथापि, एखादे फंक्शन काय परत करते हे स्पष्ट सांगितले नाही, तर सीटाइप्स उत्तर साध्या पूर्णांकाचे आहे असे गृहीत धरते. आजच्या ६४ बिटांच्या संगणकावर पॉइंटर ६४ बिटांचा आणि हा पूर्णांक ३२ बिटांचा असल्यामुळे पत्त्याचा अर्धा भाग छाटला जातो. काही वेळा छाटलेला भाग शून्यच असतो आणि प्रोग्रॅम व्यवस्थित चालतो. ही गोष्ट अधिक घातक म्हटली पाहिजे. तसेच, सीच्या ग्रंथालयाला दिलेले पायथनचे कॉलबॅक फंक्शन प्रोग्रॅमने स्वतः जपून ठेवले नाही, तर ते नष्ट होते आणि ग्रंथालय पुढे त्या रिकाम्या जागी हाक मारते. सीटाइप्स पत्ता पोहोचविते, मालकीची नोंद ठेवीत नाही. ते स्वस्त आहे ते यामुळेच.

याउलट, टीव्हीटीके हे आवेष्टन गंभीर परीक्षणास पात्र आहे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या एरोस्पेस अभियांत्रिकी विभागातील प्राध्यापक प्रभू रामचंद्रन यांचे ते काम असून, त्रिमितीय वैज्ञानिक चित्रणासाठी जगभर वापरले जाणारे ‘मायावी’ हे सॉफ्टवेअर त्यावर उभे आहे. मुळातील व्हीटीके हे ग्रंथालय सी प्लस प्लसमधील आहे. त्यातील प्रत्येक वस्तू आपल्याला किती जणांनी धरले आहे याची मोजणी स्वतः ठेवते. त्याला पायथनचे एक आवेष्टन आधीपासूनच होते. टीव्हीटीकेने त्यावर पायथनच्या वळणाचे दुसरे आवेष्टन चढविले. आवेष्टनावर आवेष्टन कशासाठी, असा आक्षेप येथे घेता येईल. त्याचे उत्तर दोन ठिकाणी मिळते.

पहिले ठिकाण ओळखीचे. व्हीटीकेकडून तीच वस्तू दोनदा मागितली, तर दोन्ही वेळा तेच पायथनचे रूप हाती आले पाहिजे. त्यासाठी टीव्हीटीके एक नोंदवही ठेवते, आणि तिची किल्ली आहे मूळ वस्तूचा पत्ता. पत्ते पुन्हा वापरले जातात. जुनी वस्तू गेली की त्याच जागी नवी येऊ शकते. मग नोंद फसवी ठरणार नाही काय ? ठरत नाही, कारण नोंदवहीने पायथनचे रूप सैल धरलेले आहे आणि त्या रूपाने मूळ वस्तू घट्ट धरलेली आहे. नोंद जिवंत असेपर्यंत मूळ वस्तू जाऊ शकत नाही, म्हणून तिचा पत्ता दुसऱ्याला मिळत नाही. रूप गेले की नोंदही जाते. केवळ मालकीची साखळी नीट बांधल्यामुळे पत्ता येथे विश्वासार्ह झाला आहे. घट्ट आणि सैल यांची अदलाबदल केली असती, तर सगळीच रचना कोसळली असती.

दुसरे ठिकाण संख्यांच्या मोठ्या सारण्यांचे. नमपायमधील लाखो संख्यांची सारणी चित्रणासाठी व्हीटीकेला द्यावयाची, तर प्रत काढणे महाग पडते. म्हणून त्याच मेमरीचा पत्ता पुढे दिला जातो आणि ‘ही मेमरी तुमची नाही, ती मोकळी करू नका’ अशी सूचना सोबत जाते. एवढ्याने अर्धेच काम होते. सारणी पायथनच्या बाजूने नाहीशी झाली तर काय, हा प्रश्न उरतो. टीव्हीटीके सारणीचा एक संदर्भ स्वतःपाशी राखून ठेवते आणि व्हीटीकेची वस्तू नष्ट होत असल्याची वर्दी मिळाली की तो सोडते. वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही.

आणि येथेच टीकेला जागा आहे. सलग मांडलेली नमपायची सारणी दिली तर मेमरी सामायिक राहते; पायथनची साधी यादी दिली तर अनिवार्यपणे नवी प्रत होते. लिहिलेली ओळ दोन्ही वेळा सारखीच दिसते. पहिल्या प्रकारात मूळ सारणीतील एक संख्या बदलली की चित्राखालील विदाही बदलते, मात्र बदल झाल्याचे व्हीटीकेला वेगळे कळवावे लागते. दुसऱ्या प्रकारात मूळ यादी बदलून काहीच होत नाही. आवेष्टनाने मालकी सांभाळली, पण सांगितली नाही. अनुभवी संशोधकाला हे सोयीचे वाटते. शिकणाऱ्याला मात्र आपण कशावर लिहीत आहोत हेच उमगत नाही.

जावाने पुढे घेतलेली दिशा या बाबतीत तुलनेसाठी उपयुक्त आहे. १९९७ पासूनच्या जेएनआय पद्धतीत मूळ पॉइंटर एका ‘लाँग’ पूर्णांकात दडवून ठेवण्याचा रिवाज पडला होता; मेमरी मोकळी झाली तरी तो आकडा तसाच राही. मार्च २०२४ मध्ये आलेल्या जावा २२ मध्ये परकीय मेमरीसाठीची नवी व्यवस्था कायम झाली. तीत मेमरीच्या प्रत्येक तुकड्याला लांबी आहे आणि आयुष्याची हद्द आहे. ती हद्द संपल्यावर स्पर्श केला, तर प्रोग्रॅम नि:शब्द कोसळण्याऐवजी अपवाद उद्भवतो. लिहिण्याचा खटाटोप वाढतो, हे खरे. पण मालकी ओळीतच वाचता येते.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने याला महत्त्व आहे. विद्यार्थी पॉइंटर सीच्या तासाला शिकतो आणि पायथन निराळ्या तासाला. या दोहोंच्या मधला भाग कोणाच्याच वाट्याला येत नाही. पुढे प्रकल्पात प्रोग्रॅम ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ एवढेच म्हणून बंद पडतो, आणि बंद पडलेली ओळ व चुकलेली ओळ यांत शेकडो ओळींचे अंतर असते. अशा वेळी विद्यार्थी संगणकाला दोष देतो आणि परीक्षक विद्यार्थ्याला. कानेटकरांच्या चौकोनाशेजारी आणखी एक रकाना, ‘मोकळे कोणी करावयाचे’, एवढा जरी फळ्यावर काढला, तरी याची सुरुवात होते. त्यापुढचा प्रयोग एका तासिकेत बसतो : फंक्शनच्या आत सारणी तयार करावी, तिचा नुसता पत्ता सीटाइप्सद्वारे सीच्या फंक्शनकडे ठेवावयास द्यावा, बाहेर यावे, आणखी काही सारण्या निर्माण कराव्यात आणि मग त्या जुन्या पत्त्यावरील संख्या सीकडून छापून घ्याव्यात. कधी बरोबर संख्या येतील, कधी दुसऱ्याच सारणीतील, कधी प्रोग्रॅम बंद पडेल. प्रत्येक बाकावरचे उत्तर निराळे असण्याचा संभव आहे, आणि वहीत ती सगळीच उत्तरे उतरवून घेतली पाहिजेत.