मिसरी प्राणिताईत : एक अभिप्राय

फ्लिंडर्स पेट्री यांचा ‘ॲम्युलेट्स’ हा ग्रंथ १९१४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत प्राचीन मिसरांतील ताइतांचे २७५ प्रकार देऊन हेतुपरत्वें त्यांचे पांच वर्ग कल्पिले आहेत. संग्रह अमोल होय. परंतु प्राण्यांच्या आकाराच्या ताइतांपुरते तरी हे वर्ग अंतिम मानूं नयेत, असें आम्हांस वाटतें.

शेणकिड्याचेंच उदाहरण घ्यावें. त्याच्या चित्रानें मिसरी लोक ‘खेपर’ हा धातु लिहीत. अर्थ ‘होणें’, म्हणजे आपला ‘भू’. हा आकार जिवंत मनुष्य मुद्रा म्हणून वापरी, आणि प्रेताच्या छातीवरही तोच ठेवीत. मात्र या दुसऱ्याच्या तळाशीं मृतांच्या ग्रंथांतील तिसाव्या प्रकरणाचा मंत्र कोरीत : न्यायसमयीं हृदयानें आपल्याविरुद्ध साक्ष देऊं नये. आकार एक, कार्यें दोन. निर्णय लेख व स्थान यांवरूनच होतो.

म्हणून प्रेतावरील ताइतांच्या जागा दाखविणाऱ्या ज्या आकृत्या पेट्री यांनीं दिल्या आहेत, त्याच आमच्या मतें ग्रंथाचें खरें धन होत. स्थान न टिपतां काढून घेतलेला ताईत म्हणजे पुष्पिकेचें पान फाडलेली पोथी. अक्षर सुंदर खरें, पण कोणी, कधीं, कोणासाठीं लिहिलें हें विचारण्याची सोय राहत नाहीं. संग्राहकांनीं हें अवश्य ध्यानीं धरावें.