पूल कीं प्रदेश?

उत्तर समुद्राच्या दक्षिण भागांत गडप झालेल्या सखल भूमीविषयीं जें वाङ्मय आहे, त्यांत एका रूपकानें बराच अनर्थ केला आहे. तें रूपक ‘पूल’ हें होय. ब्रिटन व युरोपखंड यांना जोडणारा पूल, असेंच या भूमीचें वर्णन दीर्घकाळ होत आलें. पुलावरून माणसें पलीकडे जातात; तेथें कोणी संसार मांडीत नाहीं. त्यामुळें या भूमीवर कोण राहत होतें, हा प्रश्न मागेंच पडला.

क्लेमेंट रीड यांचें ‘सबमर्ज्ड फॉरेस्ट्स’ हें १९१३ सालचें छोटेखानी पुस्तक या विषयाचा पाया होय. ओहोटीच्या वेळीं किनाऱ्यावर उघडे पडणारे वृक्षांचे बुंधे आणि डॉगर बँक या समुद्रांतील उथळ्यावरून कोळ्यांच्या जाळ्यांत येणारीं कुजलेल्या वनस्पतींचीं काळीं ढेकळें यांची सांगड घालून त्यांनीं एक बुडालेलें मैदान वाचकांपुढें उभें केलें. पुढें १९३१ सालीं ‘कोलिंडा’ नामक मासेमारी बोटीच्या जाळ्यांत आलेल्या अशाच एका ढेकळांत शिंगाचें दातेरी टोंक सांपडलें. मनुष्याची खूण हातीं आली, तरी रूपक सुटलें नाहीं. तें सोडविण्याचें श्रेय ब्रायोनी कोल्स या विदुषींस दिलें पाहिजे. १९९८ सालच्या निबंधांत त्यांनीं या भूमीस ‘डॉगरलँड’ हें नांव दिलें व ती मनुष्यवस्तीची जागा होती, असें बजाविलें. आपलें विवेचन अनुमानाचें आहे, ही कबुली त्यांनीं शीर्षकांतच दिली. हा प्रामाणिकपणा त्यांच्या पुष्कळ अनुयायांत आढळत नाहीं.

सुमारें ८१५० वर्षांपूर्वीं नॉर्वेजवळील स्टोरेग्गा येथें समुद्रतळ घसरून प्रचंड लाट उठली. तिनेंच सारा प्रदेश एका दिवसांत बुडविला, असें नाट्य लोकप्रिय लेखक रंगवितात. वस्तुस्थिति निराळी आहे. हिमयुगाच्या ऐन भरांत समुद्राची पातळी आजच्याहून सुमारें १२० मीटर खालीं होती. बर्फ वितळूं लागलें तसें पाणी चढलें. शिवाय, बर्फाच्या ओझ्याखालीं स्कँडिनेव्हिया दबला असतां त्याच्या कडेची ही जमीन फुगून वर आली होती; ओझें उतरतांच तो उंचावूं लागला व ही खचूं लागली. लाट आली तेव्हां बहुतेक प्रदेश आधींच गेला होता. उरलेल्या बेटांना तिनें तडाखा दिला असेल, इतकेंच.

आजोबांचें शिकारीचें रान नातवाच्या वेळीं खाजण झालें असेल. प्रलयाच्या चित्रापेक्षां हें चित्र मला अधिक करुण वाटतें, आणि अधिक उपयोगीही. समुद्र आज पुन्हां चढत आहे, आणि तोही एका दिवसांत नव्हे. ज्यांस केवळ प्रलयच ओळखूं येतो, त्यांस असें हळूहळू होणारें नुकसान दिसणार तरी कसें?