भावसंप्रेषणाचे गणित

मानवी संवादात शब्दांचा वाटा अवघा ७ टक्के, स्वराचा ३८ टक्के आणि चेहऱ्याचा ५५ टक्के असतो, हे विधान गेल्या अर्धशतकात व्यवहारचातुर्याचे धडे देणाऱ्या पुस्तकांतून व व्याख्यानांतून जगभर पसरले आहे. त्याच्या पाठीशी विद्यापीठीय संशोधनाचे वजन असल्यामुळे ते तपासून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. परंतु शब्द हेच ज्यांचे एकमेव द्रव्य, त्या साहित्यिकांना त्याची उपेक्षा करता येणार नाही. ते खरे असेल, तर छापील पृष्ठावरील कविता भावनेचा जेमतेम चौदावा हिस्सा घेऊन वाचकाकडे येते, असे मानणे प्राप्त होते.

या आकड्यांचे मूळ अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन आणि त्यांचे सहकारी यांनी १९६७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन शोधनिबंधांत आहे. पहिल्या प्रयोगात नऊ सुटे शब्द घेतले होते: तीन अनुकूल, तीन तटस्थ आणि तीन प्रतिकूल भावाचे. ते निरनिराळ्या स्वरांत उच्चारून, बोलणाऱ्याची वृत्ती कशी वाटते, असे श्रोत्यांना विचारण्यात आले. दुसऱ्या प्रयोगात तर ‘कदाचित’ या अर्थाचा एकच इंग्रजी शब्द होता. बदलत होते ते स्वर आणि चेहऱ्याची छायाचित्रे. शब्द, स्वर आणि मुद्रा या तिन्हींची एकत्र परीक्षा कोणत्याही एका प्रयोगात झालेली नाही. दोन भिन्न प्रयोगांचे निष्कर्ष जोडून हे सूत्र सिद्ध केले गेले. पुढे ‘सायलेंट मेसेजेस’ या १९७१ च्या ग्रंथामुळे ते सर्वतोमुखी झाले. आवडनावड किंवा भावना यांविषयी जेथे बोलणे चाललेले असेल तेथेच ते लागू पडते, असा खुलासा खुद्द मेहराबियन यांनी केलेला आहे. सूत्र पसरले, खुलासा मागे राहिला.

या संशोधनात तथ्य नाही असे मात्र नव्हे. शब्द आणि स्वर परस्परविरोधी असतील तर ऐकणारा स्वरावर विश्वास ठेवतो, हा त्याचा मुख्य निष्कर्ष अनुभवाला पटणारा आहे. आपल्या साहित्यशास्त्राने ‘काकू’ या संज्ञेखाली हाच व्यापार ओळखला होता. भरताने काकूचे विवेचन केले; मम्मटाने काकूने सूचित होणाऱ्या अर्थाला व्यंग्याच्या विचारात स्थान दिले. आक्षेप आहे तो निरीक्षणावर नव्हे, तर त्यातून काढलेल्या प्रमाणावर.

प्रयोगशाळेत जे मोजले गेले ते शब्दाचे सामर्थ्य नव्हे. संदर्भापासून तोडलेल्या शब्दाचे दौर्बल्य होय. ‘कदाचित’ हा शब्द सुटा उच्चारला तर त्यात प्रेमही नाही आणि तिरस्कारही नाही. पण दिवाळीला येशील का, असे वृद्ध आईने चार पाने भरून परगावच्या मुलाला विचारावे, आणि उत्तरादाखल आलेल्या कार्डावर ‘कदाचित’ एवढेच असावे! येथे स्वर नाही, चेहरा नाही. तरीही त्या घरावर जी अवकळा पसरेल ती शब्दानेच आणलेली असेल. आनंदवर्धनाने हे नवव्या शतकात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. रसाचे नाव उच्चारल्याने रस प्रतीत होत नाही. विभावादिकांच्या योजनेने तो नाव न घेताही प्रतीत होतो. भावनेचे वाहन सुटा शब्द नसून शब्दांनी उभी केलेली परिस्थिती आहे, आणि नऊ शब्दांच्या यादीत परिस्थितीला प्रवेशच नव्हता.

ज्या चेहऱ्याला सूत्राने सर्वांत मोठा वाटा दिला, त्याचीही स्थिती पुढे तितकीशी निर्वेध राहिलेली नाही. लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये उपलब्ध संशोधनाचा विस्तृत आढावा घेतला. रागावलेला माणूस कपाळाला आठ्या घालतोच असे नाही, आणि आठ्या घालणारा रागावलेला असतोच असेही नाही, हा त्याचा इत्यर्थ. मुद्रेचा अर्थही प्रसंगावाचून लागत नाही. अनुभाव एकटा भाव सिद्ध करू शकत नाही, ही रसचर्चेतील जुनी जाण येथे वेगळ्या मार्गाने पुन्हा भेटते.

मराठी समीक्षेला मानसशास्त्राचे वावडे कधीच नव्हते. के. ना. वाटवे यांनी ‘रसविमर्शा’त मॅक्डुगलप्रभृतींच्या विचारांशी रससिद्धान्ताची सांगड घालण्याचा प्रयत्न केला, तो याच मोकळेपणातून. हा मोकळेपणा टिकला पाहिजे. परंतु आकडा दिसताच नतमस्तक होणे म्हणजे मोकळेपणा नव्हे. कोणत्या प्रश्नाचे उत्तर म्हणून हा आकडा आला, हे विचारणे समीक्षकाचे काम आहे. अंगाचा, वेषाचा आणि सत्त्वाचा अभिनय इतक्या बारकाईने वर्णन करणाऱ्या भरतमुनीनेही वाणीला नाट्याचे शरीर मानले. शरीराला शेकडा सात गुण देणारे गणित कोठेतरी चुकले आहे, हे ओळखायला फार मोठ्या विद्वत्तेची गरज नाही.