पंचामुखी परमेश्वर आणि चार गुण

माणसानं आयुष्यात दोन गोष्टी करू नयेत, असं माझं अनुभवान्ती मत झालं आहे. एक, सोलापुरात मे महिन्यात भर दुपारी कुणाच्या वरातीत नाचू नये. आणि दोन, कुठल्याही खेळात पंच होऊ नये. पहिल्यात फार तर ऊन लागतं. दुसऱ्यात पैसे न खाता पैसे खाल्ल्याचं नाव लागतं. मी दोन्ही केलं आहे. उन्हावर कांदा चालला. दुसऱ्यावर अजून औषध सापडलेलं नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे जानेवारी २०२३ मधली एक रात्र. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस. या दिवसांत सोलापूरकराच्या घरात जागा सोडून सगळं असतं. आमच्या सौ.चं माहेर मंगळवेढा, त्यामुळे मेव्हणे आलेले. तिची धाकटी बहीण मोहोळला दिलेली, त्यामुळे साडूही आलेले. चिरंजीव पुण्याहून आलेले. नेमकी त्याच वेळी तिकडे पुण्यात, कोथरूडला, महाराष्ट्र केसरी स्पर्धा चाललेली. आणि माती विभागाच्या अंतिम लढतीत समोरासमोर कोण? मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढा तालुक्यातला, शिरसीचा महेंद्र गायकवाड! सबंध महाराष्ट्रातून दोन पैलवान वर आले, ते नेमके माझ्या सासुरवाडीची फाळणी करणारे.

कुस्ती रंगात आली. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, सिकंदर खाली गेला आणि पंचांनी चार गुण दिले. मेव्हणे उभे राहिले. साडूही उभे राहिले. फक्त कारणं वेगळी होती.

"चार? कशाचे चार? दोन हायेत ते! पैसं खाल्लं पंचानं!" साडू गरजले.

"पाठ दिसली की वो! डोळं हायेत का शेंगा?" मेव्हणे म्हणाले.

समोर शेंगांच्या चटणीची वाटी होती, म्हणून त्यांना ती उपमा सुचली असावी.

आमच्या मोहोळ गावाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मराठीत मधमाश्यांच्या घरालाही मोहोळच म्हणतात. त्या रात्री आमच्या बैठकीत या दोन अर्थांमधला फरक पूर्णपणे मिटला.

मग दोघांची नजर माझ्याकडे वळली. मी शाळेत मास्तर होतो आणि कबड्डीचा पंच म्हणून शिट्टी फुंकलेली, एवढ्या भांडवलावर माझी नेमणूक झाली. "दाजी, तुम्ही सांगा!" "साडूभाऊ, तुम्हीच सांगा!" मी घसा साफ करून नियम सांगितला. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन ताबा मिळवला की दोन गुण. पण उभ्यानं असा टाकला की तो थेट पाठीवर, म्हणजे धोक्याच्या अवस्थेत गेला, तर चार. तेव्हा सारा प्रश्न असा की पडताना पाठ मातीकडे वळली होती का. चिरंजीवांनी मोबाईलवर तेवढाच तुकडा लावून दिला. तो आम्ही इतक्या वेळा पाहिला की दोन्ही पैलवानांना आमची दया आली असती. पहिल्यांदा पाहताना साडूंना दोन दिसले, मेव्हण्यांना चार. शेवटीही साडूंना दोनच दिसले, मेव्हण्यांना चारच. यंत्रानं सत्य दिसतं म्हणतात, ते खरं आहे. फक्त ज्याचं त्याला दिसतं.

मी म्हणालो, "दोन्ही बाजूंत तथ्य आहे."

त्यावर मात्र दोघांचं एकमत झालं. मला काही कळत नाही, यावर.

पुढे गंमत अशी झाली की हे चार गुण घेऊन किताबाच्या कुस्तीला गेलेल्या महेंद्रला शिवराज राक्षेनं बघता बघता चितपट केलं, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात फुलगावला सिकंदरनं त्याच राक्षेला अर्ध्या मिनिटाच्या आत लोळवून गदा खांद्यावर घेतली. त्या दिवशी साडूंचा फोन आला, पण पंचाबद्दल एक अक्षर नाही. जिंकलेल्या माणसाला पंच दिसतच नाही. पंच हा हरलेल्या माणसाचा शेवटचा नातेवाईक. बाकी सगळे निघून गेले तरी दोष द्यायला तो उरतो.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पंच सगळे गंगेत न्हालेले? तसं मुळीच नाही. जर्मनीत फुटबॉलचा एक पंच होता, रॉबर्ट हॉयझर नावाचा. २००४ च्या ऑगस्टमध्ये पाडरबोर्न या लहान संघाविरुद्ध हॅम्बुर्गसारखा बडा संघ दोन गोलनं पुढे होता. या गृहस्थानं दोन पेनल्टी बहाल केल्या, हॅम्बुर्गचा एक खेळाडू बाहेर काढला आणि धाकट्यांना ४-२ असं जिंकून दिलं. पुढे सगळं बाहेर आलं. सट्टेवाल्यांकडून त्यानं सदुसष्ट हजार युरोंच्या आसपास रक्कम घेतली होती, आणि वर एक प्लाझ्मा टीव्ही! पैशाचं मी समजू शकतो. पण ज्या माणसाला सामन्याचा निकाल आधीच ठाऊक आहे, त्याला तो मोठ्या पडद्यावर कशाला बघायचा होता, ते मला आजवर उमगलेलं नाही. २००५ मध्ये त्याला दोन वर्षं पाच महिन्यांची शिक्षा झाली.

इटलीत तर २००६ साली याहून सुबक काम उघडकीला आलं. तिथे पंच विकत घेण्यापेक्षा, कुठल्या सामन्याला कुठला पंच पाठवायचा हे ठरवणाऱ्या माणसांशी बड्या क्लबांचे अधिकारी फोनवर गुजगोष्टी करत होते. युव्हेंटससारख्या मातबर क्लबची दोन विजेतेपदं गेली आणि त्याला खालच्या श्रेणीत ढकलण्यात आलं. मास्तरकी केलेल्या माणसाला यात नवल वाटत नाही. तोंडी परीक्षेला बाहेरचा परीक्षक कोण येणार हे ज्याला आधी कळतं, त्याला पेपर फोडायची गरजच काय?

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. या चोऱ्या पकडल्या कुणी? जर्मनीत हॉयझरच्याच जोडीदार पंचांनी वर जाऊन संशय सांगितला. इटलीत पोलिसांनी टेलिफोन ऐकले. "पैसे खाल्ले" अशी मैदानातली आरोळी कुठेच पुरावा म्हणून कामी आली नाही. कारण ती आरोळी रोजच असते. लांडगा आला रे आला, तसं. शिट्टी चुकली म्हणजे विकली, असं नव्हे. आणि सगळ्याच शिट्ट्यांना विकली म्हटलं की खरी विकलेली त्या गर्दीत सुखानं लपते.

जुन्या जत्रेतल्या कुस्तीत हा घोळ कमी होता. हलगी वाजायची, जोड लागायची आणि निकाल लागायचा तो चितपटीवर. हरला कोण, हे पंचाला विचारावं लागत नसे. पाठीला चिकटलेली तांबडी माती सांगायची. पुरावा हरणाऱ्याच्याच अंगावर! आता मातीतही गुण मोजतात, आणि गादीवर तर पाठ टेकली तरी डाग पडत नाही. स्वच्छता आली आणि पुरावा गेला.

म्हणूनच फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला जे झालं त्याचं मला दुःख झालं, आश्चर्य नाही. गादी विभागाच्या लढतीत पृथ्वीराज मोहोळनं राक्षेला चीत केल्याचा निर्णय पंचांनी दिला. राक्षेचं म्हणणं, पाठ टेकलीच नाही, चित्रण तपासा. प्रकरण इतकं तापलं की त्यानं पंचांना लाथ मारली. त्यानंतर किताबाच्या कुस्तीत आपले महेंद्र गायकवाड गुणावरून चिडून, अवघी काही सेकंदं उरलेली असताना मैदान सोडून गेले. दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. गदा मोहोळांच्या खांद्यावर गेली. (हे मोहोळ आडनावाचे, माझे साडू मोहोळ गावचे. साडूंनी तरीही पेढे वाटले.)

पंचाला लाथ मारणं हे कुठल्याच तालमीतला वस्ताद खपवून घेणार नाही. शिक्षा व्हायलाच हवी. माझी तक्रार निराळी आहे. पैलवानाचा पाय उचलला गेला त्याचा निकाल झटपट लागला, ते योग्यच. पण ज्या पाठीवरून तो उचलला गेला, त्या पाठीचा निकाल तिथेच, सगळ्यांदेखत, चित्र दाखवून आणि कारण सांगून का लावता येऊ नये? क्रिकेटवाले हे शिकले. घरचे पंच घरच्यांना जिंकवतात हा आरोप पुसायला पाकिस्ताननं १९८६ मध्ये लाहोरच्या कसोटीला वेस्ट इंडीजविरुद्ध चक्क आपले व्ही. के. रामस्वामी आणि पिलू रिपोर्टर हे दोन भारतीय पंच बोलावले होते. पाकिस्तानला भारतीय पंच चालला, तर आपल्याला एक पडदा आणि एक ध्वनिक्षेपक चालायला हरकत नसावी.

इथे अडचण अशी की आपल्याकडे पंचांवर लक्ष ठेवायचं त्या घरातच दोन चुली. २०२३ च्या नोव्हेंबरात फुलगावला सिकंदर महाराष्ट्र केसरी झाला आणि त्याच महिन्यात धाराशिवला राक्षे महाराष्ट्र केसरी झाला! २०२५ मध्ये अहिल्यानगरची गदा मोहोळांकडे, तर मार्चमध्ये कर्जतची आपल्या सोलापूरच्या वेताळ शेळकेकडे. महाराष्ट्र एक, केसरी दोन. पोरांनी घाम गाळला तो खराच. पण ज्या परिषदांचं आपसात पटत नाही, त्यांच्या पंचाचं पब्लिकला कसं पटावं?

एवढी टीका केल्यावर मला त्या रात्रीकडे परत जायला हवं, कारण खरी गोष्ट तिथेच राहिली आहे.

पाहुणे पांगले. जानेवारीची थंडी. चिरंजीवांना अंथरूण घालताना मी कपाटातून एक जुनी सोलापुरी चादर काढून दिली. तो ती हातात घेऊन बघत राहिला.

"बाबा, ही तीच ना?"

तीच होती. पंचवीसेक वर्षांपूर्वी आंतरशालेय कबड्डीच्या अंतिम सामन्याला नेमलेले पंच आले नाहीत, म्हणून मला शिट्टी दिली गेली. एका बाजूला माझाच मुलगा खेळत होता. शेवटच्या मिनिटाला तो चढाईला गेला, दोघांना शिवून परत आला आणि मी शिट्टी मारली: रेषेबाहेर पाय, बाद! संघ एका गुणानं हरला. कुणी म्हणालं नाही की पंचानं पैसे खाल्ले. उलट कौतुक झालं. "पोटच्या पोराला बाद दिलं सरांनी! याला म्हणतात पंच!" नारळ आणि ही चादर देऊन माझा सत्कार झाला.

"पाय आत होता बाबा," तो शांतपणे म्हणाला. तक्रार नव्हती. नुसती माहिती.

आणि खरं सांगायचं तर तो पाय मी पाहिलाच नव्हता. त्या क्षणी मी बघत होतो पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे. लोक काय म्हणतील तिकडे. हॉयझरनं टीव्ही घेतला, मी चादर घेतली. त्याची किंमत सट्टेवाल्यांनी दिली, माझी एका चौदा वर्षांच्या पोरानं दिली. फरक इतकाच की मला शिक्षा झाली नाही, आणि चादर अजून टिकली आहे. सोलापुरी चादर, तिला काय होतंय?

"आत असेल," मी म्हणालो.

"असेल नाही. होता."

पंचानं दिलेला निर्णय फिरवू नये म्हणतात. मी फिरवला. "होता," मी म्हणालो. "दोन गुण तुझे."

तो हसला, चादर डोक्यावरून ओढून घेतली आणि आतून म्हणाला, "आता काय उपयोग? पण चालेल."

सकाळी साडू आणि मेव्हणे पुन्हा दोन की चार करत चहाला बसले, तेव्हा सौ.नं दोघांच्या हातावर तिळगूळ ठेवला. साडूंच्या हातावर दोन वड्या, मेव्हण्यांच्या हातावरही दोन. कुणाला चार नाहीत. मी मोजल्या. यावेळी नीट बघून.